वरचा तांब्या

“अगं ए मास्तरनी, मारलंस की गं माजं लेकरू! दार उघड म्हन्ते ना!”

हा आमच्या आईचा आवाज. माझा धंदा मंडप आणि स्पीकरचा, त्यामुळे आवाजातलं मला थोडं कळतं. तिसगावच्या बाजारच्या दिवशी भाजीवाल्यांची जी ओरड चालते, ती तराजूच्या एका पारड्यात टाकली आणि दुसऱ्यात आमची आई बसवली, तर बाजार वर जायचा. तिने अंगणातून हाक मारली की मढीच्या यात्रेत विकायला आलेली गाढवं कान टवकारतात, असं मी सांगतो आणि लोक हसतात. गाढवांना विचारायला मात्र अजून कुणी गेलेलं नाही.

त्या सकाळी ती आमच्या मोरीच्या पत्र्याच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारत होती. आत माझा मुलगा नाथा जन्मात पहिल्यांदा एकटा अंघोळीला बसला होता. दाराला पाठ लावून, पालथ्या घमेल्यावर, मांडीवर पर्स घेऊन त्याच्या शाळेतल्या एस्तरबाई बसल्या होत्या. आईच्या थापा त्यांच्या डोक्याच्या वीतभर वर पडत होत्या. बाई समोरच्या शेवग्याकडे बघत होत्या.

“डोळ्यात साबन गेला आसंल त्याच्या!” आई म्हणाली.

“गेला असेल.”

“मंग?”

“मग पाणी घेईल.”

“आन् न्हाई घेतलं तर?”

“तर झोंबेल. झोंबलं की घेईल. आजी, हातावर बसा.”

आमच्या आईला ‘बस’ असं म्हणणारा माणूस मी त्याआधी एकच पाहिला होता, तो म्हणजे आमचे वडील. एकदाच म्हणाले आणि पुढची कित्येक वर्षं पडवीत झोपले. पण त्या दिवशी आई जोत्यावर बसली, दोन्ही तळवे मांडीखाली घातले आणि गप्प झाली. माझी बायको शोभा तिथेच होती. दुसरा साक्षीदार नसता तर मी हे लिहिलंच नसतं.

‘हातावर बसा’ हा एस्तरबाईंचा मंत्र होता. आमच्या नाथासारख्या मुलांची एक शाळा नगर रस्त्याला आहे, तिथे त्या शिकवायच्या. रोज नगरहून एसटीने यायच्या. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण कंडक्टरच्या तोंडात अजून नगरच बसलंय.) अंगाने इतक्या बारीक की वारं सुटलं की ड्रायव्हर त्यांना खिडकीपासून लांब बसवायचा, असं मी ऐकून आहे. पण पालकांच्या पहिल्याच सभेत या बाईने आम्हा सगळ्यांना, त्यात एक सोसायटीचा चेअरमन होता, एक फौजदाराची बायको होती, सतरंजीवर ओळीने हातांवर बसवलं होतं. समोर मुलं डबा उघडत होती. झाकण घट्ट. एकाचं निघेना, दुसऱ्याचं निघालं ते आमटीसकट. चेअरमनसाहेबांचा एक हात नकळत सुटून पुढे गेला. बाईंनी नुसतं पाहिलं. सभासदांच्या बैठकीत जो हात कुणाला आवरला नव्हता, तो मुकाट्याने परत मांडीखाली गेला.

“मुलं मंद नाहीत,” बाई म्हणाल्या. “आपले हात चपळ आहेत.”

सगळं भाषण एवढंच. मी हजारो भाषणांना स्पीकर लावलाय. एवढ्या कमी विजेत झालेलं भाषण मी दुसरं पाहिलं नाही.

बाई आम्हाला कधी आमच्या नावाने हाक मारत नसत. मी ‘नाथाचे वडील’, शोभा ‘नाथाची आई’. चेअरमनसुद्धा ‘पिंकीचे पप्पा’. गावात ज्याच्या नावाची कमान होती, तो शाळेच्या फाटकातून आत शिरला की पिंकीचा पप्पा व्हायचा आणि बाहेर पडताना परत चेअरमन व्हायला त्याला जरा वेळ लागायचा.

आता नाथाचं सांगतो. तो झाला तेव्हा डॉक्टरांनी इंग्रजीतून बरंच काही सांगितलं. आईने घरी येऊन गल्लीला मराठीतून सांगितलं, “देवाचं हाय.” तेव्हापासून देवाच्या माणसासारखीच त्याची बडदास्त. अंघोळ आजीने घालायची, कपडे शोभाने, चपला मी. नाथा हात वर करून उभा राहायचा आणि जग त्याच्या अंगावर चढायचं. यात वाईट काही नव्हतं. फक्त नाथा वाढत होता. बारा-तेरा वर्षांचा झाला तेव्हा त्याला मोरीत बसवायला शोभा आणि आई दोघी लागायच्या, आणि उठवायला मंडपाचा खांब उभा करणारी माझी माणसं बोलवावीत असं मला वाटायचं. शोभाची कंबर गेली. आईचे गुडघे तर आधीच गेलेले. एक दिवस डाळ निवडता निवडता, मान वर न करता, शोभा म्हणाली, “आपल्यामागं ह्याला कोन धुनार?”

मी कुठल्याही प्रश्नाला उत्तर देतो. गावात माझी तशी ख्यातीच आहे. त्या दिवशी मी उठून गोदामात गेलो आणि आधीच गुंडाळलेले पडदे परत गुंडाळले.

म्हणून आम्ही बाईंकडे अंघोळीचं काढलं. शाळेत शनिवारी अंघोळीचा तास असतो. बाईंनी शिकवायला घेतलं आणि पावसाळा संपेपर्यंत निरोप आला, “नाथा शाळेत स्वतः अंघोळ करतो.” आम्ही घरी सोडून बघितलं. पाणी घेतो, साबण लावतो, पाणी घेतो, आणि मग बसून राहतो. नुसता बसतो. पाणी थंड, पोरगं थंड, पण उठेना. शोभाने फोन केला, “बाई, घरी न्हाई करत तो.” बाई म्हणाल्या, “इथे करतो.” शोभा मला म्हणाली, बाई खोटं बोलतात. तिकडे शाळेतल्या मावशी म्हणत, घरच्यांनीच लाडावून ठेवलाय. असं दोन-तीन आठवडे चाललं. शेवटी बाईंचा फोन आला.

“नाथाची आई, तुम्ही खरं बोलताय आणि मीही खरं बोलतेय. म्हणजे मधलं काहीतरी दोघींना दिसत नाहीये. सुट्टीच्या दिवशी येते.”

आणि पहिल्या एसटीने आल्या. येताना खाऊ नाही, पुस्तक नाही. उतरल्यावर मोरी कुठे आहे एवढं विचारलं, घमेलं पालथं घातलं आणि बसल्या. तिथून पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

तर आई हातांवर बसली. आतून पाण्याचा आवाज येत होता. मग साबण खाली पडल्याचा, मग शोधल्याचा, मग परत पाण्याचा. मग काही नाही.

बाईंनी कान दिला. शोभाने पदराचं टोक तोंडात धरलं. चहा केला होता, त्यावर साय आली. शेवग्यावरचा कावळा कंटाळून उडून गेला. आतून नाथाचे दात वाजलेले ऐकू आले, ते मला तरी दुकानातल्या डिझेल जनरेटरसारखे वाटले.

आई उठली. या खेपेला बाईंनाही आवरली नाही. त्यांना घमेल्यासकट बाजूला सारून, दार ढकलून आत गेली, बादलीतला तांब्या भरला, नाथाच्या टाळूवर ओतला आणि म्हणाली, “गेला मळ, आलं बळ, ऊठ माज्या राजा.”

नाथा उठला. टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि बाईंना नमस्कार करून ऊन खात उभा राहिला.

मी आईवर खेकसलो. शोभा तर रडायलाच लागली, “आत्ता उठला आसता, आत्याबाई, तुमी मदीच...” बाई मात्र पर्स सावरत उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडावर मी तेव्हा जे पाहिलं, त्याला इतर माणसांच्या बाबतीत आनंद म्हणतात.

“आजी, हे काय केलंत?”

“काय केलं? वरचा तांब्या घातला.”

“रोज घालता?”

“मंग! वरच्या तांब्याबिगर अंगूळ व्हती का कुटं? माजी सासू घालायची समद्या लेकरान्ला. मी ह्याच्या बापाला घातला.” माझ्याकडे बोट. “ह्यो घोड्याएवढा झाला तरी खाली बसायचा तांब्यासाठी.”

हे खरं आहे, पण चारचौघांत सांगायचं नव्हतं.

मग उलगडा झाला. नाथा अडला नव्हता, हट्ट करत नव्हता. त्याची अंघोळच संपलेली नसायची. शाळेत ओळीत तिघं बसायची, पुढचा उठला की हा उठायचा. घरी पुढचा कुणी नव्हता आणि वरचा तांब्या आला नव्हता. तो बिचारा पूजेला बसलेल्या यजमानासारखा, भटजी ‘उठा’ म्हणेपर्यंत बसून होता.

मी तिथल्या तिथे निकाल दिला, “आई, उद्यापासून तांब्या बंद.”

“नाथाचे वडील,” बाई म्हणाल्या, “बंद करायला मी नगरहून आले नाही. तो तांब्या त्याच्या हातात जायला हवा.”

आणि इथे बाई पहिल्यांदा अडल्या. कारण आई म्हणाली, “त्याच्या हातात कसा जाईल? आशीर्वाद हाय त्यो. आपला आपुन कोनी आशीर्वाद घेतो का?”

बाईंनी चहावरची साय बाजूला करून एक घोट घेतला. मी मनात म्हटलं, गेली आता पुढची एसटी पकडून. चेअरमनला मांडीखाली हात घालायला लावणारी बाई आमच्या अंगणात आमच्या आईने गप्प केली. तशी बढाई मी नंतर बरेच दिवस मारली.

मग बाईंनी विचारलं, “आजी, तुमच्या डोक्यावर कोण घालतं?”

“काय?”

“वरचा तांब्या.”

आईने शेवग्याकडे पाहिलं. कावळा नव्हता तिथे.

“माज्या?” ती म्हणाली. “सासू गेली तवापासून कोनी न्हाई.”

“मग तुमची अंघोळ संपते कशी?”

आईच्या आवाजाचं वर्णन मी सुरुवातीला केलंच आहे. तेव्हा ती जे बोलली ते मला वीतभरावरून ऐकू आलं नाही. पण बाईंना आलं असावं, कारण त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, “हे मला शिकवता येणार नाही. तुम्हीच शिकवा. आधी त्याने तुमच्या डोक्यावर घालायचा. द्यायला आला की मग घ्यायला येईल.”

दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणात रोज सकाळी नऊवारी नेसलेली म्हातारी पाटावर बसायची आणि नाथा तिच्या डोक्यावर तांब्या ओतायचा. निम्मं पाणी डोक्यावर, निम्मं शेजारच्या शेळीवर. आई ओरडायची, “हळू! कानात न्हाई, टाळूवर! आन् म्हन की मेल्या!” नाथा म्हणायचा. त्याच्या जिभेला ‘मळ’ आणि ‘बळ’ जड जायचं, पण ‘ऊठ माज्या राजा’ खणखणीत. आई त्या हिवाळ्यात इतकी शिंकली की तिसगावात औषधाच्या दुकानाची दुसरी शाखा निघाली.

बाईंचा फोन ठरलेला. आई आणि बाई बोलायच्या, म्हणजे आई बोलायची. फोन मध्ये होता तो केवळ रीत म्हणून.

“मास्तरनी, तांब्या भरून घेतो पन पालता घालीत न्हाई!”

“मीही इथे तेच शिकवतेय. दोन्हीकडे सारखं ठेवू. झालं की पालथा, खुंटीखाली.”

“तुमी बी तांब्या आनला शाळंत?”

“आणला. आणि तुमचं ते म्हणते मी.”

“म्हना बगू!”

आणि फोनमधून बारीक, कोरड्या आवाजात आलं, “गेला मळ, आलं बळ, ऊठ माज्या राजा.” ‘माज्या’ असंच म्हणाल्या. ‘माझ्या’ म्हटलं की नाथा उठत नाही, हे त्यांनी करून पाहिलं होतं.

आईने एकदा विचारलं, “तुमच्या चर्चात बी डोक्यावर पानी घालत्यात म्हनं?”

“घालतात.”

“रोज?”

“एकदाच, आजी.”

“एकदाच?” आईला त्यांची फार दया आली. पुढच्या खेपेला बाई आल्या तेव्हा त्या पायरीवर बसलेल्या पाहून आईने नाथाला तांब्या घेऊन पाठवलं. बाई ओल्या केसांनी एसटीत चढल्या. तक्रार नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, “न सांगता पालथा घातला. बघितलंत ना?”

तोवर नाथाला नादच लागला होता. जो कुणी खाली बसेल, त्याची अंघोळ संपवायची. चपलेचा अंगठा नीट करायला बसलेला पोस्टमन, शेळीला पाला टाकणारी शेजारीण, माझा वायरमन तर हातात वायर घेऊन बसलेला होता, तो कसा वाचला ते कानिफनाथाला ठाऊक. त्या उन्हाळ्यात तिसगावात उकिडवं बसायची सोय राहिली नाही. लोक उभ्यानेच गप्पा मारून घरी जायचे. गावाची बरीच कामं त्यामुळे लवकर उरकली, असं माझं मत आहे.

आणि एका सकाळी आई पाटावर बसून हाका मारत होती तर नाथा आलाच नाही. मोरीत पाण्याचा आवाज थांबला. आई उठायला गेली, मग आपली आपण परत बसली आणि तळवे मांडीखाली घातले. आतून ऐकू आलं, “ऊठ माज्या राजा.” मग तांब्या पालथा पडल्याचा आवाज. नाथा बाहेर आला, शर्टाची बटणं एक घर चुकलेली, पण त्याने लावलेली. शोभाने पदर तोंडाला लावला. आई म्हणाली, “माजा ऱ्हायला की रं मेल्या,” आणि टाळू पुढे केली.

मी बाईंना फोन लावला. माझ्याकडे तेव्हा हजार वॉटचा आवाज होता. “बाई! आलं! नाथाला आलं!”

“कुठे आलं?”

“घरी!”

“मग अर्धं आलं,” बाई म्हणाल्या. हाही त्यांचा मंत्रच. शाळेत आलं म्हणजे आलं नाही. घरी आलं म्हणजे अर्धं. कुठेही, कुणीही न सांगता, घरातल्या कुणाचाही हात मध्ये न पडता आलं, की आलं. ‘आलं’ हा शब्द त्या इतक्या जपून वापरायच्या की त्यांच्या तोंडून तो ऐकलेला पालक मला अजून भेटायचा आहे. पिंकी स्वतः भाकरी थापून, भाजून, चेअरमनला वाढायला लागली तेव्हाही त्या म्हणाल्या होत्या, “तिच्या मावशीच्या गावी पाठवून बघा.”

मग त्या निवृत्त झाल्या. निरोपाला मी फुकट मंडप घातला. असा की नगरहून येताना लांबूनच झालर दिसावी. स्पीकर चार. मी वीस मिनिटं बोललो, त्यात बाईंनी आमच्या आईला गप्प केल्याची गोष्ट होती, आणि ती ऐकून आई पहिल्या रांगेतून जे काही म्हणाली ते माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. बाई उभ्या राहिल्या, माइक बाजूला केला आणि म्हणाल्या, “माझ्या जागी नवीन बाई आल्यात. त्यांना नाथाच्या तांब्याचं सांगून ठेवलंय.” आणि बसल्या. त्या एसटीत चढताना मी त्यांची पिशवी धरायला पुढे झालो. त्यांनी नुसतं पाहिलं. मी हात मागे घेतला.

आई गेली ती गेल्या वर्षी, झोपेतच. आवाज न करता. त्यामुळे सकाळी बराच वेळ आमचा कुणाचा विश्वास बसेना.

नाथा आता माझ्या डोक्याच्या वर गेलाय. मंडपाचा खांब एकटा धरतो. त्याला आम्ही सांगितलं, आजी गेली. तो म्हणाला, “हं,” आणि कोपऱ्यात बसला. अंगणात बायकांनी चादर आडवी धरली, आईला पाटावर टेकवून बसवलं, अंघोळ घातली, नवं लुगडं नेसवलं. मग चादर बाजूला झाली. नातेवाईक जमले होते, गल्ली भरली होती. एवढ्यात नाथा मोरीतून तांब्या भरून घेऊन निघाला.

“आरं धरा त्याला!” माझा चुलता ओरडला. “कुनीतरी धरा!”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीच जवळ होतो. दोन पावलं टाकली असती तर मनगट हातात आलं असतं.

मी हात मागे घेतले आणि एका हाताने दुसरा धरून ठेवला.

नाथाने टाळूवर पाणी घातलं. हळू. कानात नाही. मग म्हणाला, “गेला मळ, आलं बळ, ऊठ माज्या राजा.”

आणि वाट बघत उभा राहिला.

नाथाने बराच वेळ वाट पाहिली. मग तो आजीपुढे वाकला, तिच्या कपाळावरचं पाणी पंजाने पुसलं, मोरीकडे गेला, तांब्या खुंटीखाली पालथा घातला आणि ओला झालेला शर्ट बदलायला आत गेला.

आईचे दिवस झाल्यावर मी बाईंना फोन केला. त्या नगरला बहिणीकडे असतात. मी सगळं सांगितलं. बायका किती रडल्या, चुलता कसा गप्प झाला, गल्ली कशी थांबली, हे मी जरा रंगवूनच सांगितलं असेल, मला दुसरं येत नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, “कुणी सांगितलं होतं त्याला?”

“कुणी नाही.”

“तुमचे हात?”

“मागे.”

“मग आलं त्याला,” बाई म्हणाल्या.